दांडिया बाजारातलं मिसळघर: मापांपासून पहिल्या पावसापर्यंत

काम: बडोदा, दांडिया बाजार, जुन्या दुमजली वाड्याचा तळमजला. मराठी नाश्त्याचं हॉटेल, इमारतीची दुरुस्ती, आतली मांडणी आणि सगळं फर्निचर आमच्याकडे. नोंदी आमच्या वास्तुविशारद कार्यालयातल्या सगळ्यांसाठी, विशेषतः पहिल्यांदाच हॉटेलचं काम करणाऱ्यांसाठी.

६ जानेवारी २०२५

मापं घेतली. बसायची खोली ११.४० मी. लांब. रुंदी रस्त्याकडे ५.६० आणि मागे ५.४८. कर्णांत ११० मिमीचा फरक. जुन्या वाड्यात चार बाजू मोजून भागत नाही, दोन्ही कर्ण घ्यायचेच. नाहीतर भिंतीला टेकणारं बाकडं एका टोकाला चार बोटं उघडं पडतं. उंची ३.६० मी., वर कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत), मधल्या रांगेत सागवानी खांब. भिंती ४५० मिमी जाडीच्या, विटा चुन्यात. पाण्याच्या नळीनं पातळी घेतली: फरशी मागून पुढे ३५ मिमी उतरते.

भिंतींना जमिनीपासून साधारण ९०० मिमीपर्यंत ओल आहे, क्षार फुललेत. मधे कधीतरी सिमेंटचा गिलावा केलाय, ओल त्यामागे अडकून वर चढलीय.

पदार्थ ठरलेत: मिसळ, थालीपीठ, साबुदाणा वडा, पियूष, रविवारी श्रीखंड-पुरीचं ताट. मालकांना साठ खुर्च्या हव्यात.

८ जानेवारी

मांडणी ताटापासून सुरू केली. मालकांकडून भांडी मागवून मोजली. मिसळीचं ताट ३०० मिमी, शेजारी तर्रीची वाटी, पावाची बशी, ताकाचा पेला. समोरासमोर दोन ताटं आणि मधे १५० मिमी (लिंबू-कांद्याची वाटी, पाण्याचा तांब्या) धरले की टेबलाची खोली ७५० येते. माणशी रुंदी ६००. कोपर हलायला थोडी जास्त म्हणून दोघांचं टेबल ६५० × ७५०. चौघांचं १२०० × ७५०.

आता आडवा हिशेब: डाव्या भिंतीला बाकडं ४५०, टेबल ७०० (७५०पैकी ५० बाकड्यावर येतं), खुर्ची बसल्यावर ४५०, मुख्य वाट १०५०, मधल्या रांगेची दोघांची टेबलं ६५०, दुसरी वाट ९००, उजव्या भिंतीला टेकलेली चौघांची टेबलं १२००. बेरीज ५४००. मागची रुंदी ५४८०. ८० मिमी शिल्लक, ती गिलाव्याला लागेल. मुख्य वाट १०५०च्या खाली नेणार नाही: वाढप्याच्या हातात तर्रीची बादली असते आणि त्याच वेळी कुणीतरी खुर्ची मागे सरकवतं.

लांबीत प्रवेशाला १.५ मी. आणि मागे हात धुण्याची मोरी व वाढायची खिडकी यांना १.९ मी. दिले. उरले ८ मीटर. बाकड्याकडे आठ टेबलं, उजवीकडे चौघांची चार, मधे चार बसली असती, पण एका जागी खांब येतो, म्हणून तीन. एकूण ३८ माणसं. माणशी सुमारे १.६५ चौ. मी. साठ माणसं बसवली तर १.०५ चौ. मी. उरते, तेवढ्यात ताट हातात धरून उभं राहावं लागेल. मालकांना हे कागदावर नाही, वाड्याच्या चौकात खडूनं आखून, खरी ताटं ठेवून दाखवलं. दोन टेबलांमधून त्यांना स्वतः बादली घेऊन चालायला सांगितलं. आकडा मान्य झाला.

ओटा रस्त्यापासून ३०० मिमी उंच. १:१२ उतारानं ३.६ मी. लांबी लागते, ओट्याच्या कडेनं बसते. उजवीकडचं पहिलं टेबल चाकाच्या खुर्चीसाठी: एका बाजूची खुर्ची काढता येईल आणि टेबलाच्या पाटाखाली ७०० मिमी मोकळे राहतील. तिथे आडवी पट्टी द्यायची नाही.

१३ जानेवारी

तुळया तपासल्या. मालकांच्या आईंना आत छताला हिंचका हवा होता. पटाशीच्या मुठीनं प्रत्येक तुळई भिंतीपासून मध्यापर्यंत ठोकत गेलो. दोन तुळया घट्ट वाजल्या. तिसरी मधे ठणठणीत, पण उत्तरेच्या भिंतीपाशी आवाज बदलला, पोकळ मडक्यासारखा. तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला, ४० मिमी आत गेला आणि बाहेर भुसा आला, ओलसर, मातीच्या वासाचा. वाळवी. भिंतीत गेलेलं टोक सुमारे ४०० मिमी खलास आहे. वर रंग इतका जाड की डोळ्यांना काहीच कळत नव्हतं. सागवानाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण कडेचा पांढरा भाग आणि वर्षानुवर्षं ओल खाल्लेलं टोक ती सोडत नाही. मूळ कारण पुन्हा तेच, भिंतीतलं पाणी.

संरचना अभियंत्यांशी ठरलं: दोन जॅकवर तुळई उचलून धरायची, कुजका भाग कापायचा, दोन्ही बाजूंनी १२५चे लोखंडी चॅनल १.२ मी. लांब, १२ मिमी बोल्टनी आरपार, खाली दगडी बैठक. भिंतीतल्या टोकाभोवती २० मिमी हवा सोडायची. चुन्यात पूर्ण गाडलं तर हीच गत पुन्हा होईल. बोरॉनचं द्रावण सगळ्या टोकांना.

हिंचका रद्द. त्याऐवजी ओट्यावर आतल्या बाजूला थांबणाऱ्यांसाठी बसायचं बाक.

उद्या-परवा उत्तरायण, साइट बंद.

२० जानेवारी

संखेडा, लाखेच्या फर्निचरचं गाव. बडोद्याहून साधारण ४५ किमी, आता छोटा उदेपूर जिल्ह्यात. मालकांना ‘सगळं फर्निचर संखेड्याचं’ हवं आहे. काय कुठे टिकेल हे ठरवायला कारखान्यात बसून सगळी प्रक्रिया पाहिली.

सागवानाचा दांडा कातावर गोल होतो. त्यावर रंगाचा हात, मग कथील घोटून डिंकात केलेल्या लुकणानं बारीक कुंचल्यानं नक्षी. हे कथील वाळल्यावर करडं, मळकट दिसतं. अकीकाच्या दगडानं घासलं की चांदीसारखं चमकतं. मग दांडा फिरत असताना लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून पसरते आणि केवड्याच्या पानानं ती सारखी करतात. पिवळसर लाखेखालून तेच कथील सोनेरी दिसतं. कुठेही सोनं नाही.

ज्या गोष्टीमुळे हे काम सुंदर दिसतं तीच हॉटेलात त्याचं मरण आहे, म्हणून कारण नीट लिहून ठेवतो. लाख साधारण ६५–७५ अंशाला मऊ पडते. तर्रीची वाटी त्याहून गरम असते. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणजे हाताला चोळायच्या सॅनिटायझरचा थेंब पडला तरी डाग. आणि सोड्यासारख्या क्षारातही ती सुटते. रात्री फरशी धुताना बादलीत नेमकी सोड्याची पावडर असते. खुर्चीचे पाय संखेड्याचे केले तर वर्षाच्या आत खालचे १०० मिमी पांढरट आणि चिकट होतील. दोष कारागिराचा नसेल, तो जागा चुकवणाऱ्या नकाशाचा असेल.

म्हणून संखेडा काम तीन ठिकाणी: मोरी आणि बसायची जागा यांच्यामधली कातीव दांड्यांची जाळी (जमिनीपासून ३०० मिमी वर, खाली कोटा दगडाचा कट्टा), गल्ल्याची दर्शनी बाजू आणि ओट्यावरचं बाक. बाकाच्या पायांना ६० मिमी उंच पितळी टोप्या. जाळीत ५४ दांडे, प्रत्येक ३८ मिमी जाड, ९०० लांब. सहा जादा मागवले. दांड्यांची दोन्ही टोकं ३० मिमी बिनरंगी ठेवायला सांगितली, कारण लाखेवर सरस धरत नाही.

२७ जानेवारी

टेबलाच्या पाटाची चाचणी. संगमरवर, कोटा, कडप्पा, काळा ग्रॅनाइट आणि पॉलिश केलेलं सागवान, प्रत्येकी ३०० × ३००चा तुकडा. प्रत्येकावर अर्धं लिंबू उपडं, एक चमचा गरम तर्री, ताकाचा थेंब, रात्रभर.

सकाळी संगमरवरावर लिंबाचा गोल हाताला खरखरीत लागला, पॉलिश गेलं होतं. कोटा आणि कडप्प्याचंही तेच, काळ्या कडप्प्यावर तर लांबून दिसतं. तिन्ही मुळात चुन्याचे दगड, आंबट लागलं की खातात. शिवाय संगमरवरात तर्रीचा नारिंगी डाग मुरला. सागवानावर गरम तर्री पडली तिथे पांढरी कडा. ग्रॅनाइट पुसलं, काहीच नाही.

पाट सगळे १८ मिमी काळं ग्रॅनाइट, चकचकीत नको, लेदर फिनिश: चकाकीवर दिवा थेट डोळ्यांत परततो. वजन चौ. मी.ला साधारण ४८ किलो. दोघांचा पाट २४ किलोच्या आत, चौघांचा ४४. चौघांची टेबलं भिंतीशी कायम राहणार, म्हणून चालेल. कडेला ३ मिमी गोलाई, धारदार कड पहिल्याच आठवड्यात ठिसळते. लोखंडी चौकटीवर सिलिकॉनचे ठिपके देऊन बसवायचे, पूर्ण लेप नाही, म्हणजे तडा गेला तर पाट उचलता येईल. चौकटीबाहेर १५० मिमीपेक्षा जास्त लोंबता ठेवायचा नाही. त्या कडेवर कुणी ना कुणी टेकून बसतंच.

कोटा फरशीला वापरणार. तिथेही लिंबू पडेल, पण २५ मिमी जाड खरबरीत कोट्यावर तो खड्डा दिसत नाही आणि पाय घसरत नाही.

३ फेब्रुवारी

खुर्ची. प्लायवर १:१ आखणी सुरू. संगणकावर आखलेली खुर्ची नेहमी सुबक दिसते. पाठीचा बाक चुकला हे खऱ्या मापातच कळतं.

नवीन आलेल्यांसाठी थोडं विषयांतर. वास्तुरचनेच्या पाच वर्षांत खुर्ची फारशी शिकवत नाहीत, १९७२च्या कायद्याखाली नोंदणी झाली की इमारतीच्या नकाशावर सही करता येते, खुर्चीवर मात्र कुणी सही मागत नाही. तरी हॉटेलं करणाऱ्या वास्तुविशारदाला फर्निचरकडे यावंच लागतं. स्कॉटिश वास्तुविशारद मॅकिन्टॉशनं ग्लासगोतल्या चहागृहांसाठी उंच पाठीची खुर्ची केली. लांबलचक खोलीत ती पाठच टेबलाभोवती आडोसा धरते. लॉरी बेकरनी तिरुवनंतपुरमच्या कॉफी हाउसमध्ये गोल चढत्या उतारावर बाकं आणि टेबलं बांधकामातच घेतली. तिथे फर्निचर आणि भिंत वेगळे काढताच येत नाहीत. थोनेटची १८५९ची १४ क्रमांकाची खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट यांची, आणि सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. कॅफेच्या खुर्चीची खरी परीक्षा वाहतूक आणि दुरुस्ती, हे त्यानं तेव्हाच ओळखलं होतं. आणि लांब कशाला, याच शहरात सयाजीरावांच्या काळात १८९०मध्ये कलाभवन निघालं, हातानं काम करत शिकण्यासाठी. आजही हे शिक्षण मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्येच मिळतं. आठवड्यातला एक दिवस तिथे काढायचा.

या कामाचे एकूण ४६ नकाशे होतील, त्यातले १९ फर्निचरचे. मोबदला ठरवताना फर्निचरचे नकाशे ‘आतल्या कामात धरले’ म्हणून सोडून देऊ नयेत. नमुन्यांच्या फेऱ्यांत सगळ्यात जास्त तास तिथेच जातात.

१२ फेब्रुवारी

नमुना क्र. १ आला. बैठक ४५० उंच, ४२० खोल, पाठ बैठकीशी १०५ अंश. वजन साडेसहा किलो, एका हातानं उचलते. दिसायला चांगली, वापरायला दोन दोष.

पहिला: १०५ अंशात माणूस मागे रेलतो आणि तोंड ताटापासून लांब जातं. चमचा वाटीतून तोंडापर्यंत येताना तर्रीचे थेंब मांडीवर. ही आरामखुर्चीची पाठ झाली. खाण्यासाठी ९८ अंश.

दुसरा गंभीर. आमची नेहमीची चाचणी: वजनदार माणूस मागच्या दोन पायांवर खुर्ची झुलवतो, पन्नास वेळा. एकतिसाव्या वेळेला मागचा पाय आणि बाजूची पट्टी यांचा जोड करकरला. उघडून पाहिला. कुसू (पट्टीचं पायाच्या खाचेत जाणारं टोक) फक्त २० मिमी लांब, पट्टी ४५ मिमी उंच, आणि कुसवावर सरस थेंबाथेंबानं धरलेला, बाकी कोरडा. सागवानात स्वतःचं तेल असतं, ते सरसाला धरू देत नाही. जोडण्याआधी थिनरनं पुसून लगेच सरस लावायला हवा. शिवाय लाकडाची ओल मीटरवर १४ टक्के. पुढे ते वाळलं असतं तेव्हा कुसू आक्रसून जोड आणखी ढिला पडला असता.

बदल: बाजूच्या पट्ट्या ६५ उंच × २५ जाड, कुसू ३५ लांब आणि ८ जाड (पट्टीच्या जाडीचा तिसरा हिस्सा), बैठकीखाली चारही कोपऱ्यांत तिरक्या ठोकळ्या स्क्रू आणि सरसानं, खाली दोन आडव्या. वेताची बैठक सोडून दिली. वेतात मसाला शिरतो, धुता येत नाही. सागवानी पट्ट्यांची बैठक, मधे ६ मिमी खोलगट, पट्ट्यांमधे ५ मिमी फट, म्हणजे सांडलेलं खाली जाईल.

१९ फेब्रुवारी

नमुना क्र. २ पन्नासच्या पन्नास झोके झाला, जोड गप्प. मंजूर. ३० खुर्च्या लागतात, ४ जादा, एकूण ३४. एका खुर्चीला ०.४५ घनफूट, कापणीची नासाडी धरून ०.६; म्हणजे साधारण २०.५ घनफूट सागवान. लाकूड १० टक्क्यांच्या आसपास वाळल्याशिवाय कापायचं नाही. मीटर आमचा, प्रत्येक फळीवर दोन ठिकाणी टोचून खडूनं आकडा लिहायचा.

मिस्त्रींचं म्हणणं पटलं: पायांच्या तळाची आडवी कापलेली बाजू पाणी शोषते, पॉलिश करणारा मात्र तीच विसरतो. खुर्ची उलटी करून तळाला पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) तीन हात आधी, बाकीचं पॉलिश नंतर. तळाला स्क्रूनं बसणारे नायलॉनचे बूड; खिळ्याचे नकोत, कोट्यावर ओढले की खिळा फिरतो आणि बूड निघून जातं.

२४ फेब्रुवारी

स्वयंपाकघराचा धूर. हे चुकलं तर बाकी सगळं व्यर्थ, कारण वरच्या मजल्यावर मालकांचं घर आहे.

भट्ट्यांची रांग २.१ मी. लांब, ०.९ खोल. हूड (वरचं धूर ओढणारं छत्र) प्रत्येक बाजूनं १५० मिमी बाहेर: २.४ × १.२, म्हणजे २.८८ चौ. मी. हुडाच्या तोंडाशी हवेचा वेग ०.४ मी. प्रति सेकंद धरला, की १.१५ घनमीटर प्रति सेकंद, तासाला सुमारे ४१५० घनमीटर. नळीत ८ मी. प्रति सेकंद वेग ठेवायचा तर ०.१४४ चौ. मी. छेद: ४५० × ३२०. वेग याहून फार कमी झाला तर तेलाची वाफ नळीतच बसते, फार जास्त झाला तर वर आवाज. हुडाची खालची कड जमिनीपासून २ मी., बॅफल फिल्टर (वाफेतलं तेल अडवणाऱ्या पट्ट्या) ४५ अंशांत, खाली तेल जमायची पन्हाळ, ती रोज काढता आली पाहिजे. नळी चौकातून सरळ वर, एकच वळण, त्या वळणाशी सफाईचं झाकण.

एवढी हवा बाहेर जाते म्हणजे तेवढीच आत यायला हवी. खोली ७८ घनमीटरची, तासाला पन्नासहून अधिक वेळा बदलणार. आत यायची सोय दिली नाही तर पंखा बसायच्या जागेतून हवा ओढतो, दार आपोआप आपटतं आणि पंखा फिरत असूनही धूर हुडाबाहेर येतो. चौकाच्या बाजूनं ताजी हवा आणणारा दुसरा पंखा, ८० टक्के क्षमतेचा, सुमारे ३३०० घनमीटर. उरलेली २० टक्के बसायच्या जागेतून येऊ दे, म्हणजे फोडणीचा वास उलटा तिकडे जाणार नाही.

मालकांनी दुसरा पंखा ‘नंतर बघू’ म्हटलंय. नोंद करून ठेवली, नळीची जागा मात्र आत्ताच सोडली.

६ मार्च

होळी १३–१४ला. दाहोद आणि छोटा उदेपूरकडचे गवंडी-मजूर उद्यापासून गावी निघतील, दोन आठवडे धरायचे. वेळापत्रक करताना हे जानेवारीतच मांडायला हवं होतं. अक्षय तृतीयेला (३० एप्रिल) उघडायचं म्हणणाऱ्या मालकांना आज सांगावं लागलं की मेचा मध्य. तुळईचं काम आणि गटाराचं खोदकाम मजूर जाण्यापूर्वी पूर्ण.

२२ मार्च

चुन्याचा गिलावा. सिमेंटचा गिलावा १.२ मी. उंचीपर्यंत काढला, सांधे २० मिमी कोरले, भिंत होळीच्या सुट्टीभर उघडी वाळू दिली (सुट्टीचा एवढा उपयोग झाला). सांध्यांतून क्षार ब्रशनं झाडला; पाण्यानं धुतला तर तो पुन्हा आत जातो. चुना पंधरा दिवसांहून जास्त भिजवलेला. चुना १, वाळू व सुरखी (विटांची पूड) मिळून ३. पहिला थर १२, दुसरा ६ मिमी. आठ दिवस ओली पोती टांगून ठेवायची. मार्चच्या उन्हात चुना झटकन वाळला की भेगा पडतात आणि हात लावला की पीठ निघतं.

वरून चुन्याचीच सफेदी, प्लास्टिक रंग नाही. पण बाकड्यामागे डोक्याचं तेल आणि तर्रीचे हात लागणार, म्हणून ९०० मिमी उंच सागवानी पाठफळी, भिंतीपासून २५ मिमी सुटी, खाली-वर १५ मिमी फट. भिंत मागून श्वास घेते, फळी पुसता येते. पाठफळीच्या चौकट्या स्क्रूनं, सुट्या होणाऱ्या. दर दिवाळीला काढून मागे सफेदी करायची.

४ एप्रिल

गॅस आणि पाणी, थोडक्यात. इथे पाइपचा गॅस आहे, तो हवेपेक्षा हलका, म्हणून गळती सांगणारं यंत्र छताच्या ३०० मिमी खाली. सिलिंडरच्या गॅससाठी तेच यंत्र जमिनीलगत लागलं असतं. मालकांच्या जुन्या भट्ट्या सिलिंडरच्या आहेत. त्यांची जेट बदलल्याशिवाय जोडायच्या नाहीत, ज्योत लहान आणि अशक्त मिळते.

गटार २०० मिमी रुंद, स्टीलची जाळी, उतार १:८०, ४.२ मीटरला ५२ मिमी. तेल अडवायची टाकी चौकात, तीन कप्प्यांची, ३०० लिटर. ती भांडी धुण्याच्या अगदी खाली घेतली नाही. गरम साबणाचं पाणी तेलाला पातळ ठेवूनच टाकी पार करतं, आणि ते पुढच्या पाइपात गार होऊन गोठतं. सफाई आठवड्याला एकदा, झाकण एका माणसानं उचलेल असं.

विजेचे सगळे सॉकेट जमिनीपासून ९०० मिमीच्या वर. २०१९च्या जुलैतला आणि २०२४च्या ऑगस्टमधला पूर या शहरानं पाहिलाय.

१६ एप्रिल

गल्ल्याचा पाट: ६०० रुंद, फळ्या जोडून केलेला सागवानी. आज लाकूड ८ टक्के. पावसाळ्यात १३पर्यंत जाईल. सागवान आडवं, ओलीच्या प्रत्येक टक्क्याला साधारण ०.२ टक्के हलतं. पाच टक्क्यांना ६०० मिमीत ६ मिमी. पाट खाली घट्ट स्क्रूनं आवळला तर फुगून मधे उचलेल किंवा फाटेल. म्हणून पुढच्या कडेला स्क्रू घट्ट, मागे चौकटीत लांबट भोकं, भिंतीपाशी ८ मिमी फट आणि वर सुटी पट्टी. बाकड्याची बैठक चार फळ्यांची, प्रत्येक फळी स्वतःपुरती हलेल, मधे ४ मिमी.

जाळीचे ५४ दांडे आले. आठ दांड्यांवर टोकांपर्यंत लाख होती. त्यांची टोकं खरवडून घेतली.

२८ एप्रिल

आवाज. खोली २३० घनमीटर. फरशी दगडी, भिंती चुन्याच्या, वर लाकूड; शोषण जवळपास काहीच नाही. चाळीसेक माणसं भरली तरी घुमण्याचा काळ दीड सेकंदाच्या वर येतो. मिसळीच्या हॉटेलात ताटल्यांचा आणि खुर्च्यांचा खणखणाट असतो, त्यात माणूस आवाज चढवतो, शेजारचा आणखी चढवतो. ०.८च्या आसपास आणायला साधारण ३० चौ. मी. शोषक पृष्ठ हवं. कड्यांच्या मधल्या चौकटींत २५ मिमी वुडवूलचे (लाकडाच्या बारीक तंतूंचे) तक्ते, मागे ५० मिमी पोकळी. कड्या झाकल्या नाहीत. तक्ते रंगवायचे नाहीत, रंगानं छिद्रं बुजतात; भट्टीच्या खिडकीजवळची दोन मीटर पट्टी सोडली, तिथे तेल बसेल.

६ मे

दिवे. बाकड्याच्या टेबलांवर लोंबते, पाटापासून ७५० मिमी वर. मधल्या रांगेवर नाहीत. ती टेबलं सरकली की उभं राहणाऱ्याचं डोकं आपटतं. २७०० के (केल्विन, पिवळसर उजेड), रंगदर्शन १००पैकी ९०च्या वर आणि त्यातला लाल रंगाचा आकडा वेगळा विचारून घेतला. दोन दिव्यांखाली एकच तर्री ठेवून पाहिली: स्वस्त दिव्याखाली ती मातकट तपकिरी, दुसऱ्याखाली लाल आणि वरचा तवंग वेगळा दिसतो. या खर्चावर मालकांनी वाद घातला नाही.

१२ मे

तालीम. तीस पाहुणे, पूर्ण मेनू, दीड तास.

पंचविसाव्या मिनिटाला धूर बसायच्या जागेत. दार स्वतःहून आपटत होतं. ताज्या हवेचा पंखा नाही, म्हणून. चौकाचं दार पूर्ण उघडल्यावर दोन मिनिटांत धूर निवळला. कारण सिद्ध झालं. पंखा उद्या बसतोय, नळी तयारच होती.

मोरीवर रांग लागली. दोन नळ कमी पडतात, एकदम आलेलं टेबल एकदम उठतं. तिसरा नळ, आणि साबण नळांच्या मधे, कोपऱ्यात नको. एक टेबल डुगडुगलं: पायाखाली कागदाची घडी घालणाऱ्या मुलाला थांबवून खालचा फिरता बूड कसा आवळायचा ते दाखवलं. त्याच्यासाठीचा पाना गल्ल्यात टांगला.

खुर्च्या शांत.

१५ मे

उघडलं. देखभालीचा एक कागद भिंतीवर: जाळी आणि बाक फक्त ओल्या पिळलेल्या फडक्यानं; सोडा, स्पिरिट, सॅनिटायझर नाही. फरशीची बादली वेगळी, फडकं वेगळं. गुजराती आणि मराठीत.

२१ जुलै

चांगला पाऊस झाल्यावरची पाहणी. गल्ल्याच्या पाटाची ओल १२ टक्के. भिंतीपाशी ८ मिमी फट होती, आता ४. पाट सपाट आहे. बाकड्याच्या फळ्यांमधल्या फटी जेमतेम नखाएवढ्या. ३४ खुर्च्या उलट्या करून पाहिल्या: तीन नायलॉन बूड नाहीत, लावले. एका खुर्चीचा तळ काळसर, पीयूचा हात त्या पायाला लागलेलाच नव्हता. खुर्ची शेडमध्ये नेली, वाळल्यावर करायची.

चुन्याच्या भिंतीवर पाठफळीच्या वर क्षाराची बारीक रेघ, हातभर लांब. झाडून घेतली. ऑक्टोबरमध्ये फळी काढून मागची बाजू बघायची.

जाळीच्या खालच्या पट्टीवर, मोरीच्या बाजूच्या चार दांड्यांचा रंग मंद आहे. हात झटकताना साबणाचे शिंतोडे तिथवर येतात. मोरीच्या कडेला १५० मिमी उंच काचेची पट्टी द्यायची; तोपर्यंत ते चार दांडे काढून जादा सहांतले चार बसवले.